विधी साहाय्य केंद्रात विद्यार्थ्यांचे पर्यवेक्षण : पहिल्या भेटीतच होणाऱ्या या चुका टाळा

विधी महाविद्यालयाच्या साहाय्य केंद्रात, म्हणजे जेथे कायद्याचे विद्यार्थी पक्षकारांना मोफत कायदेशीर मदत करतात तेथे, पर्यवेक्षक शिक्षकाचा बराच वेळ विद्यार्थ्याने लिहून आणलेल्या अर्जाची भाषा सुधारण्यात जातो. कलमांचे क्रमांक तपासले जातात, विनंतीचा परिच्छेद नव्याने लिहिला जातो. प्रकरण मात्र त्याआधीच बिघडलेले असते, कारण पहिल्या भेटीत जे विचारलेच गेले नाही ते मसुद्याच्या कोणत्याही दुरुस्तीने भरून निघत नाही. यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावांतून येणारा पक्षकार दिवसाची मजुरी बुडवून आलेला असतो, त्यामुळे राहून गेलेल्या एका प्रश्नासाठी त्याला पुन्हा बोलावणे म्हणजे त्याच्यावर आणखी एका दिवसाचा खर्च लादणे होय. पर्यवेक्षकाचा वेळ सुरुवातीला खर्च झाला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तक्रारीवरून थेट कलमावर उडी

‘वावरात जायचा रस्ता अडवला’ ही पेरणीच्या तोंडावर हमखास येणारी तक्रार आहे. विद्यार्थी ती ऐकतो आणि महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे अर्ज लिहायला घेतो. हे कलम बांधावरून, आपल्याकडच्या बोलीत धुऱ्यावरून, नवा रस्ता मिळवण्यासाठी आहे. वहिवाटीचा रस्ता आधीपासून होता आणि शेजाऱ्याने नांगरून किंवा काटेरी कुंपण घालून तो बंद केला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली दावा करावा लागतो आणि तो कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. म्हणजे रस्ता पूर्वी होता का, तो कोण वापरत होते, अडथळा नेमका कधी झाला आणि नकाशावर पांदण, म्हणजे शेताकडे जाणारी वाट, दाखवलेली आहे का, या उत्तरांवर पुढचा सगळा मार्ग ठरतो. विद्यार्थी हे प्रश्न विचारत नाही, कारण वर्गात त्याला कलम शिकवलेले असते, कलम निवडण्याची रीत शिकवलेली नसते.

यावर उपाय असा, की पक्षकार उठून जाण्यापूर्वी विद्यार्थ्याने पाच-दहा मिनिटे बाहेर येऊन पर्यवेक्षकाला सर्व हकिगत तोंडी सांगावी. काय राहिले ते तेथेच लक्षात येते आणि विद्यार्थी परत जाऊन ते स्वतः विचारतो. या वेळी पर्यवेक्षकाने स्वतः खुर्ची ओढून प्रश्न विचारायला सुरुवात करू नये. एकदा गुरुजी बोलू लागले, की पक्षकार पुन्हा विद्यार्थ्याकडे वळत नाही आणि विद्यार्थीही त्या दिवसापासून केवळ लेखनिक होऊन बसतो.

बाईचे प्रकरण, बोलणारे दुसरेच

पतीच्या निधनानंतर वारस फेरफारासाठी, म्हणजे जमिनीच्या दप्तरी वारस म्हणून नाव लावण्यासाठी, आलेल्या स्त्रीबरोबर बहुधा दीर किंवा भाऊ असतो. विद्यार्थी त्याच्याशी बोलतो, कारण कागदपत्रांची पिशवी त्याच्या हातात असते. ही चूक फार महागात पडते. त्या पिशवीत तिने अंगठा दिलेला हक्कसोडीचा कागद असू शकतो आणि तो कशाचा आहे हे तिला कोणी सांगितलेले नसते. स्थावर मालमत्तेतील वारसाहक्क सोडणारा लेख नोंदणीकृत असावा लागतो, आणि केवळ फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही किंवा संपतही नाही. पण हे सांगायची वेळ तिच्याशी एकटीशी बोलल्याखेरीज येत नाही. सोबतच्या माणसाला नम्रपणे बाहेर बसवण्याची जबाबदारी पर्यवेक्षकाने घ्यावी, कारण विशीतल्या विद्यार्थ्याला ते संकोचाचे जाते. कोलामी, गोंडी किंवा बंजारा बोलणाऱ्या पक्षकारासाठी दुभाषी लागला, तर तो वादातील नातेवाईक नसावा.

याच टेबलावर आणखी एक गैरसमज नियमितपणे दिसतो. विद्यार्थी प्रत्येकाला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणायला सांगतात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना मोफत साहाय्यासाठी उत्पन्नाची अट नाही. महाराष्ट्रातील तीन लाखांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा या कलमाने सूट न दिलेल्यांसाठी आहे. ही यादी टेबलावर लावून ठेवावी.

पुण्याच्या पुस्तकातला कायदा

कुळाच्या प्रकरणात विद्यार्थी पाठ्यपुस्तकातून 1948 चा कुळवहिवाट अधिनियम उचलतात. विदर्भासाठी कुळवहिवाट व शेतजमीन (विदर्भ प्रदेश) अधिनियम, 1958 हा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याची कलमे व तारखा वेगळ्या आहेत. मसुदा तपासताना इतर काही पाहण्याआधी हे पाहावे.

मुदत विद्यार्थ्याच्या वहीत राहणे

मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केलेल्या फेरफाराविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करण्याची मुदत साठ दिवसांची आहे. विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा आणि सुट्ट्या नेमक्या त्याच महिन्यांत येतात, जेव्हा शेतीचे वाद पेरणीपूर्वी उफाळतात. प्रकरण हाताळणारा विद्यार्थी गावी गेला आणि मुदतीची तारीख त्याच्या वहीतच राहिली, तर पुढे विलंब माफीसाठी पुरेसे कारण दाखवावे लागते आणि आमची परीक्षा होती हे पक्षकाराच्या बाजूने सांगण्यासारखे कारण नव्हे. प्रत्येक प्रकरणाची शेवटची तारीख केंद्राच्या नोंदवहीत पर्यवेक्षकाने स्वतःच्या हाताने लिहावी आणि सुट्टीपूर्वी दुसऱ्या विद्यार्थ्याकडे प्रकरण सोपवताना पक्षकाराला त्याची समोरासमोर ओळख करून द्यावी.

गावातली ओळख आणि गुप्तता

एकाच शिबिरात दोन भाऊ वेगवेगळ्या टेबलांवर येऊन जमिनीच्या एकाच गटाच्या वाटणीबद्दल बोलतात, हे अपवादाने घडत नाही. म्हणून नाव, गाव आणि गट क्रमांक आधी नोंदवहीत तपासावेत, हकिगत नंतर ऐकावी. विद्यार्थी त्याच गावचा असेल तर ते प्रकरण त्याला देऊ नये. सातबाराची छायाचित्रे वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याची सवय पहिल्याच आठवड्यात मोडावी. वकील आणि पक्षकार यांच्यातील संवादाला कायद्याचे जे संरक्षण आहे, ते विद्यार्थ्याला आपोआप मिळेल असे गृहीत धरू नये.

न्यायालयात कोण उभे राहणार, हे शेवटी ठरवणे

ॲडव्होकेट्स ॲक्ट, 1961 नुसार वकिली हा नोंदणीकृत वकिलांचा अधिकार आहे, आणि पूर्णवेळ पगारी शिक्षकालाही सामान्यतः वकीलपत्र घेता येत नाही. तरीही अनेक केंद्रांत दावा लिहून झाल्यावर वकिलाचा शोध सुरू होतो. प्रकरण दिवाणी न्यायालयात जाणार असे दिसताच तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्यावा, पॅनेलवरील वकिलाला मूळ कागद दाखवावेत आणि विद्यार्थ्याने टिपणासह त्यांच्याकडे बसावे. त्या टिपणात पक्षकाराने स्वतःच्या शब्दांत सांगितलेली हकिगत आणि विद्यार्थ्याचे अनुमान वेगवेगळे लिहिलेले असावेत, म्हणजे वकिलाला कशाची पुन्हा विचारणा करायची ते कळते.