साक्षरतेच्या वर्गात तिघींमध्ये एक मोबाइल

उल्लास कार्यक्रमाच्या वर्गावर स्वयंसेवक म्हणून पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी, मोबाइल कोणाच्या हातात राहील हे शिकवायला बसण्यापूर्वीच ठरवावे. पंधरा वर्षांवरील असाक्षरांसाठी २०२२ ते २०२७ या काळात राबवला जाणारा हा कार्यक्रम स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. त्यासाठी अ‍ॅप आहे आणि त्यावर नोंदणी व अध्ययन साहित्य दोन्हींची सोय आहे. त्यामुळे साहित्य पाठवले की शिकणे आपोआप होईल, असे सुरुवातीला मलाही वाटले होते. मी चौदा जणींच्या वर्गासाठी व्हॉट्सअ‍ॅप गट केला, रोज एक व्हिडिओ पाठवला आणि पंधरा दिवसांनी चौकशी केली, तेव्हा कळले की बहुतेक घरांतला फोन मुलाच्या किंवा सुनेच्या हाती असतो आणि एकीनेही एकही व्हिडिओ पाहिलेला नाही.

मग रात्रीचा स्वयंपाक आटोपल्यावर भरणाऱ्या वर्गातच मी तिघी-चौघींमध्ये एक फोन ठेवू लागले. नियम एकच होता: जिला येते तिने फोनला हात लावायचा नाही, शेजारणीला तोंडी सांगायचे.

त्या नियमाचे मोल एका संध्याकाळी दिसले. एका आजींनी बँकेच्या मेसेजमधले नऊशे रुपये ‘शंभर’ असे वाचले, कारण इंग्रजी नऊचा आकडा आपल्या मराठी १ सारखाच दिसतो. मी बोलणार इतक्यात शेजारच्या बाईंनी कनवटीची शंभराची जांभळी नोट काढून फोनशेजारी ठेवली आणि तिच्यावरचे दोन्ही लिपींतले आकडे बोटाने दाखवत म्हणाल्या, “हा आपला एक, आणि ही नुसती उभी काठी म्हणजे इंग्रजी एक. फोनवरचा तो नऊ आहे, वयनी.” मला हे इतके नेमके सुचले नसते. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात, म्हणून ५२ लिहिण्याची चूकही अशीच एकमेकींच्या पाट्या पाहून सुटली.

साताऱ्यात १९५९ मध्ये सुरू झालेल्या ग्राम शिक्षण मोहिमेने सारे गाव मिळून साक्षर करण्याचा वसा घेतला होता. मोबाइल आल्याने त्या मार्गाची गरज संपली, असे मला मुळीच वाटत नाही.

व्हॉइस मेसेजचा मात्र फार उपयोग झाला. शिकणारी बाई प्रवेशिकेतला, म्हणजे वाचायला शिकण्याच्या पहिल्या पुस्तकातला, उतारा स्वतःच्या आवाजात वाचून गटावर टाकते, आणि भातकापणीमुळे वर्ग चुकलेल्या बायका घरच्यांकडून तो लावून घेऊन, समोर पुस्तक धरून, ओळीखाली बोट फिरवत ऐकतात. आवाज ओळखीचा असल्याने घरचेही कौतुकाने फोन देतात.

ऑनलाइन पैसे पाठवणे शिकवण्याची घाई करू नये. आधी रक्कम आणि नाव स्वतः वाचता यावे, ओटीपी कोणालाही सांगायचा नाही हे पक्के ठसावे, मगच तिकडे वळावे. या कार्यक्रमातली वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाची दीडशे गुणांची चाचणी तर कागदावरच द्यायची असते, त्यामुळे रोजची शेवटची वीस मिनिटे फोन बाजूला ठेवून पेन्सिल हातात द्यावी.