शहामृग बघताना या चुका टाळा

केनियाच्या सफारीत शहामृग दिसला की गाडीत एकच गलका होतो, भराभर फोटो निघतात आणि ‘चला, आता सिंह बघू’ म्हणत गाडी पुढे जाते. एवढा थोरला पक्षी ओळखायला काय लागतं, असा सगळ्यांचा समज असतो. खरे घोळ तिथेच होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पिसांवरून जात ठरवणं. केनियात शहामृगाच्या दोन जाती आहेत आणि दोन्हींचे नर काळे-पांढरेच दिसतात. बघायची ती मान आणि मांड्यांची उघडी कातडी. मसाई शहामृगाची गुलाबी असते, विणीच्या काळात नराची आणखी लाल होते. सोमाली शहामृगाची निळसर राखाडी. पूर्वी सोमाली ही उपजात मानली जायची. २०१४ पासून आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत ती स्वतंत्र जात आहे आणि ‘असुरक्षित’ गटात मोडते. म्हणून ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, अंदाजपंचे नोंद करू नका.

कातडीचा रंग नीट कळत नसेल तर? संध्याकाळच्या तांबूस उन्हात आणि धुळीत तसं होतंच. अशा वेळी आपण कुठे आहोत ते बघा. मसाई मारा, अंबोसेली, नैरोबी राष्ट्रीय उद्यान इथे मसाई. सांबुरू, बफेलो स्प्रिंग्ज इथे सोमाली. सोमाली शहामृग झुडपांत एकेकटा किंवा जोडीनं चरताना जास्त दिसतो, मसाई मोकळ्या गवताळ रानात. लायकिपियात मात्र दोन्ही जाती आढळतात, तिथे जागेवर भिस्त ठेवू नका, कातडीच बघा.

तपकिरी दिसली की मादी, हेही चुकीचं. तरुण नर साधारण दोन वर्षांचे होईपर्यंत मादीसारखेच तपकिरी असतात. तसंच, एका जोडीमागे वीस-पंचवीस पिल्लं दिसली तर ती सगळी त्यांचीच असतील असं नाही. वेगवेगळ्या घरट्यांतली पिल्लं एकत्र होतात आणि एकच जोडी त्यांना सांभाळते.

वाळूत डोकं खुपसलेला शहामृग शोधत बसू नका, तसा तो नसतोच. अंड्यांवर बसलेली मादी धोका दिसला की मान जमिनीला टेकवून निपचित पडते. लांबून वारुळाचा उंचवटा वाटावा अशी. घरटं म्हणजे मातीतला उथळ खड्डा. एकाच खड्ड्यात अनेक माद्या अंडी घालतात, पण दिवसा उबवायला बसते ती मुख्य मादी आणि रात्री नर. जागा पुरत नाही तेव्हा ही मादी इतरांची अंडी कडेला ढकलते आणि स्वतःची मधोमध ठेवते. एकसारख्या दिसणाऱ्या ढिगातून ती आपली नेमकी ओळखते! हे बघायला मिळावं असं वाटत असेल तर गाडी लांबच उभी करा, इंजिन बंद ठेवा, दुर्बीण लावा. तिनं मान ताठ करून तुमच्याकडे रोखून पाहिलं की गाडी मागे घ्या. ती उठून गेली तर अंडी भर उन्हात उघडी पडतात, आणि पांढरं गिधाड चोचीनं दगड मारून ती फोडतं.

पंख पाडून लडखडत पळणारा शहामृग जखमी आहे असं समजून त्याच्या मागे जाऊ नका. आसपास पिल्लं आहेत, तो तुम्हाला त्यांच्यापासून दूर नेतोय.

फोटोत नराचे पांढरे पंख बारकावे हरवून नुसते पांढरेफटक येतात, कारण काळ्या पिसांमुळे कॅमेरा प्रकाश वाढवतो. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा प्रकाश, थोडं उणे करा. दुपारी चित्र थरथरतं ते तापलेल्या हवेमुळे. त्यावर महागडी लेन्सही चालत नाही, सकाळी लवकर निघा.

अंड्याच्या कवचाचा तुकडा आठवण म्हणून उचलायचा मोह आवरा. केनियात परवान्याशिवाय वन्यप्राण्यांचे अवशेष जवळ बाळगणं गुन्हा आहे. शहामृगाचं कवच बघायचंच असेल तर आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथल्या उत्खननाची माहिती वाचा. तिथे शहामृगाच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला तुकडा सापडला आहे, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा.