पहिल्या पाच सामन्यांवरून संघाची पारख करताना या चुका टाळा

इंग्लंडमध्ये ऑगस्टच्या शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारा फुटबॉलचा सामना आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला लागतो. साडेनऊच्या सुमारास, घरात पाने मांडली जात असताना, मित्रांच्या ग्रुपवर निकालपत्र वाचून झालेले असते : ‘पोरं पळतच नाहीत, यंदाही काही खरं नाही.’ मी बरीच वर्षे प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडमधली अव्वल फुटबॉल स्पर्धा, पाहतो आहे, आणि त्याहून अधिक वर्षे स्थानिक फुटबॉलसाठी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसतो आहे. दोन्हीकडे मोसमाच्या तोंडावर रंगणाऱ्या चर्चांमध्ये त्याच त्या चुका होतात, आणि त्यांपैकी बहुतेक चुका ‘फिट’ या एका शब्दाचा अर्थ आपण फार ढिला लावतो म्हणून होतात.

गुणतक्ता फार लवकर वाचणे

ही चूक सर्वांत जुनी असली, तरी तिच्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. ३८ सामन्यांच्या स्पर्धेत पाच सामने म्हणजे जेमतेम आठवा हिस्सा, आणि त्या पाचांत तीन बलाढ्य प्रतिस्पर्धी आले की दोन, यावरच गुणांचा आकडा बराचसा ठरतो. २००८-०९ मध्ये हल सिटीने पहिल्या ९ सामन्यांत २० गुण मिळवले आणि मोसम संपला तेव्हा ३५ गुणांसह १७वा येऊन हा संघ खालच्या श्रेणीत जाण्यापासून कसाबसा वाचला होता. २०१७-१८ मध्ये क्रिस्टल पॅलेसने पहिले सातही सामने एकही गोल न करता गमावले आणि शेवटी ११वा क्रमांक गाठला. २०२१-२२ मध्ये आर्सेनलने पहिले तीन सामने गमावताना ९ गोल खाल्ले आणि एकही केला नाही. तो संघ पाचवा आला.

याचा अर्थ सुरुवातीच्या सामन्यांतून काहीच कळत नाही, असा मात्र नाही. २०१५-१६ मध्ये गतविजेत्या चेल्सीला पहिल्या पाच सामन्यांत अवघे ४ गुण मिळाले, तेव्हा ‘सावरतील’ असे म्हणणारे आम्ही पुष्कळ जण होतो. डिसेंबरच्या मध्यात प्रशिक्षक मोरिन्यो यांना निरोप मिळाला तेव्हा संघ १६व्या स्थानी होता आणि अखेरीस तो दहावा आला. फरक ओळखायचा, तर गुणांऐवजी संधी मोजाव्यात. आपला संघ हरताना प्रतिस्पर्ध्याला गोलसमोर मोकळे फटके किती मिळाले आणि स्वतः किती मिळवले, एवढे जरी प्रत्येक सामन्यानंतर वहीत टिपून ठेवले, तरी नशिबाने हरणारा संघ आणि खरोखर पोखरला गेलेला संघ चौथ्या-पाचव्या सामन्यापर्यंत वेगळे दिसू लागतात.

मोसमापूर्वीच्या मैत्रीपूर्ण सामन्यांविषयी तर एवढेच सांगावेसे वाटते, की त्यांचे निकाल पाहूच नयेत. तिथे मध्यंतरानंतर अर्धा संघ बदलला जातो, आणि सकाळी कठोर सराव करून जड पायांनी संध्याकाळी मैदानात उतरलेल्या खेळाडूंनी पत्करलेल्या ०-३ च्या पराभवाचा ऑगस्टशी फारसा संबंध नसतो.

‘फिट आहे’ याचा अर्थ ‘तयार आहे’ असा लावणे

मूळ गोंधळ इथे आहे. खेळाडू दुखापतीतून परत येतो, म्हणजे एकामागून एक काही उंबरठे ओलांडतो. आधी दुखणे थांबते. मग डॉक्टर आणि फिजिओ सरावाची परवानगी देतात. मग तो संघासोबत पूर्ण सराव करतो. त्यानंतर शेवटची वीस मिनिटे, मग एक तास आणि मग ९० मिनिटे खेळतो. आणि सर्वांत शेवटी आठवड्यातून दोनदा ९० मिनिटे खेळू शकतो. पत्रकार परिषदेत प्रशिक्षक ‘तो उपलब्ध आहे’ असे म्हणतो तेव्हा बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या उंबरठ्याविषयी बोलत असतो. आपण ते वाक्य शेवटच्या उंबरठ्याविषयी आहे असे समजतो, आणि मग ६०व्या मिनिटाला त्याला बाहेर काढले की प्रशिक्षकाच्या नावाने बोटे मोडतो.

मँचेस्टर सिटीच्या मधल्या फळीतल्या रोद्रीचे उदाहरण या दृष्टीने नीट पाहण्यासारखे आहे. १४ जुलै २०२४ रोजी बर्लिनमध्ये युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तो मध्यंतरालाच दुखापतीमुळे बाहेर पडला. प्रीमियर लीग १६ ऑगस्टला सुरू झाली, म्हणजे मध्ये पाच आठवडेही नव्हते, आणि त्यातच त्याची विश्रांती, उपचार आणि सराव हे सारे बसवायचे होते. तो सप्टेंबरच्या मध्यात परतला, १८ तारखेला इंटर मिलानविरुद्ध खेळला, आणि २२ तारखेला आर्सेनलविरुद्ध पहिल्या अर्ध्या तासातच त्याच्या गुडघ्याचा एसीएल, म्हणजे सांध्याला आतून धरून ठेवणारा अस्थिबंध, फाटला. अतिश्रमामुळेच हे घडले असे ठामपणे सांगणारे चाहते मला अनेक भेटले. पण कॉर्नरच्या वेळी झालेल्या धक्काबुक्कीत फाटलेल्या अस्थिबंधाचे कारण घरबसल्या ठरवणे, हीसुद्धा या लेखात मोडणारी चूकच आहे.

अधिक शिकण्यासारखा आहे तो पुढचा भाग. रोद्री २० मे २०२५ रोजी बोर्नमथविरुद्ध शेवटची काही मिनिटे खेळला. त्या रात्री ‘आता सिटी पुन्हा सिटी झाली’ असे संदेश फिरले. प्रत्यक्षात तो क्लब विश्वचषकात पुन्हा दुखावला आणि पुढच्या मोसमाची सुरुवातही त्याला सावकाशच करावी लागली. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके लांबवावे, तितका पुन्हा दुखापत होण्याचा धोका दर महिन्याला साधारण निम्म्याने कमी होतो, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. नऊ महिने ही परतण्याची तारीख झाली. पूर्वीचा खेळ परत येण्याची नव्हे. म्हणून अशा खेळाडूकडून पहिल्या पाच सामन्यांत काय अपेक्षा ठेवावी, तर तो दर आठवड्याला आधीपेक्षा दहा-पंधरा मिनिटे अधिक खेळावा आणि दुसऱ्या दिवशी सरावाला यावा, एवढीच.

मांडीच्या मागच्या स्नायूची, म्हणजे हॅमस्ट्रिंगची, गोष्ट याहून फसवी आहे, कारण ती छोटी वाटते. युरोपातील अव्वल क्लबांच्या दीर्घ पाहणीत २००१-०२ मध्ये एकूण दुखापतींपैकी १२ टक्के दुखापती हॅमस्ट्रिंगच्या होत्या, आणि २०२१-२२ पर्यंत हे प्रमाण २४ टक्क्यांवर गेले. त्याच पाहणीत हॅमस्ट्रिंगच्या साधारण १८ टक्के दुखापती पुन्हा त्याच जागी झालेल्या होत्या, आणि त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक मैदानात परतल्यापासून दोन महिन्यांच्या आत. आपला विंगर, म्हणजे कडेने हल्ला करणारा खेळाडू, ‘तीन आठवड्यांनी आला’ याचा आनंद जरूर करावा, पण पुढचे दोन महिने तो आठवड्यात दोनदा पूर्ण वेळ खेळणार नाही, हे गृहीत धरूनच संघाचा अंदाज बांधावा. फँटसी, म्हणजे खऱ्या खेळाडूंतून आपला कागदी संघ निवडण्याचा ऑनलाइन खेळ, खेळणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे : नावासमोरचा, खेळण्याविषयी शंका दाखवणारा पिवळा झेंडा निघाला, म्हणजे तो खेळू शकतो एवढेच कळते, किती वेळ खेळेल, हे कळत नाही.

‘पळत नाहीत’ असे म्हणून मोकळे होणे

एक मध्यरक्षक सामन्यात दहा ते बारा किलोमीटर धावतो, आणि हल्ली हा आकडा पडद्यावर दिसत असल्यामुळे वादात तो पुराव्यासारखा वापरला जातो. परंतु चेंडू स्वतःकडे राखणारा संघ अनेकदा कमी धावतो आणि चेंडूमागे फिरवला जाणारा संघ जास्त धावतो, त्यामुळे एकूण अंतरावरून तंदुरुस्ती मोजायला गेले, तर पुष्कळदा हरणारा संघच अधिक तंदुरुस्त ठरेल. थकवा दिसतो तो वेगाने घेतलेल्या धावांत, आणि त्यातही त्या परत घेण्यात.

यासाठी मी एक साधी पद्धत वापरतो. ६०व्या मिनिटानंतर दहा मिनिटे चेंडूकडे पाहणे सोडून द्यायचे आणि आपल्या एका साइड बॅककडे, म्हणजे कडेच्या बचावपटूकडे, पाहायचे. तो हल्ल्यात वर गेला आणि चेंडू हातचा गेला, की परत येताना पहिली पाच पावले कशी टाकतो, हे महत्त्वाचे आहे. पहिल्या क्षणी वळून पूर्ण वेगाने निघाला, तर पाय शाबूत आहेत. आधी हात वर करून ऑफसाइडची दाद मागितली, मग दुडक्या चालीने निघाला आणि सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, त्याची जागा भरायला बाहेरच्या बाजूस ओढला गेला, तर तिथून गोल खाल्ला जाण्याची वेळ जवळ आली आहे. हेच तिसाव्या मिनिटाला दिसत असेल, तर मात्र कारण बहुधा थकव्याचे नसून आखणीचे असते : मधल्या फळीत कोणी त्याची जागा भरायला नसते, म्हणून त्याला दर वेळी चाळीस मीटर मागे यावे लागते. पहिल्या प्रकाराचा इलाज वेळेवर बदली खेळाडू आणणे हा आहे. आता पाच बदल करता येतात, पण मध्यंतर सोडून ते तीनच थांब्यांत बसवावे लागतात, त्यामुळे प्रशिक्षक एकदम दोघे बदलतो तेव्हा त्याची मती फिरलेली नसते. दुसऱ्या प्रकारावर कितीही दम वाढवला तरी उपयोग नसतो.

पायऱ्यांवरून खेळाडूला मैदानात ढकलणे

ही चूक इंग्लंडच्या संघांबाबत आपल्या हातून होऊच शकत नाही, कारण आपला आवाज तिथवर पोहोचत नाही. कोल्हापुरात तो पोहोचतो. पावसाळ्यानंतर मोसम सुरू होतो, पेठापेठांच्या संघांतली ईर्ष्या पहिल्याच आठवड्यात पेटते, आणि खेळाडू सकाळी सराव करून दिवसभर कामाला जाणारा, आपल्याच गल्लीतला असतो.

आमच्या गल्लीतल्या एका बचावपटूची हॅमस्ट्रिंग काही वर्षांपूर्वी लीगच्या सलामीआधी सोळा दिवस ओढली गेली होती. सामन्याच्या आदल्या सकाळी त्याने गांधी मैदानाला चार सैल फेऱ्या मारल्या आणि ‘आता दुखत नाही’ असे सांगितले. समोर दुसऱ्या पेठेचा संघ होता. ‘हाफ टाइमपर्यंत तरी खेळ’ असे त्याला म्हणणाऱ्यांत मीही होतो. मांडीला क्रेप बँडेज आवळले, वरून स्प्रे मारला, आणि पस्तिसाव्या मिनिटाच्या आसपास पाठीमागे टाकलेल्या लांब चेंडूमागे वळताना त्याने मांडी धरली ती धरलीच. त्यानंतर मार्चपर्यंत तो आमच्या शेजारी पायऱ्यांवर बसून होता.

सैल फेऱ्यांनी हॅमस्ट्रिंगची परीक्षा होत नाही, कारण हा स्नायू पूर्ण वेगात पाय पुढे फेकला जाताना सर्वाधिक ताणला जातो. तीस मीटर पूर्ण वेगाने आठ-दहा वेळा धावणे, अचानक थांबणे, दोन्ही बाजूंना वळणे, आणि हे सारे दुसऱ्या दिवशीही न दुखता करता येणे, एवढे तरी आधी व्हायला हवे होते. फिफाने तयार करून घेतलेला ‘११ प्लस’ हा पंधरा व्यायामांचा, साधारण वीस मिनिटांचा वॉर्म अप फारशा साधनांशिवाय मैदानाच्या कडेला करता येतो, आणि त्यातच हॅमस्ट्रिंग बळकट करणारा, गुडघ्यांवर उभे राहून हळूहळू पुढे झुकण्याचा व्यायामही आहे. त्या सकाळी आमच्यापैकी कोणालाही हे ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असते तरी समोरच्या पेठेचे नाव ऐकून आम्ही ते विसरलो असतो.

तो मुलगा अजून खेळतो. दुखापतीनंतर लागोपाठ दोन दिवस पूर्ण वेगाने धावून पाहिल्याशिवाय तो बूट बांधत नाही, आणि पायऱ्यांवर कोणी ‘अर्धा तास तरी खेळ’ म्हणून ओरडायला लागले, की मी माझी जागा बदलतो.