मिक्सर जळाला म्हणण्याआधी

दुरुस्तीला नेलेला प्रत्येक मिक्सर जळालेला नसतो. कधी तळाचं लाल बटण उडालेलं असतं, कधी कपलरचे, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणाऱ्या चकतीचे, दाते गेलेले असतात, कधी कार्बन, म्हणजे मोटरला करंट पोचवणारा तुकडा, संपलेला असतो. या तिन्ही गोष्टी घरी ओळखता येतात, आणि ओळखून दुकानात गेलं की बोलणंही वेगळं होतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात स्वयंपाकघरातली यंत्रं बिघडण्यामागे तीन कारणं वारंवार दिसतात: कमी-जास्त होणारा करंट, पूर्वेकडच्या तालुक्यांतलं बोअरचं जड पाणी, आणि खानापूरच्या बाजूचा पावसाळ्यातला ओलावा. म्हणून यंत्र उघडण्याआधी भिंतीतलं पॉइंट बघायचं.

आधी करंट

घरगुती पुरवठा 230 व्होल्टचा धरला जातो आणि त्यात सहा टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे साधारण 216 ते 244. पॉइंटमध्ये खोचायचा छोटा डिजिटल व्होल्टमीटर घेऊन ठेवा. शिवारात पंप सुरू असताना आणि रात्री दहानंतर, अशा दोन्ही वेळचे आकडे बघा. फ्रिज आणि ग्राइंडर यांच्या मोटरी व्होल्टेज पडलं की तेच काम करायला जास्त करंट ओढतात आणि तापतात. मिक्सरची मोटर वेगळ्या जातीची. ती नुसती मंद होते. पण तिला गार करणारा पंखा तिच्याच दांड्यावर असतो, त्यामुळे मंद मोटरवर भरलेलं भांडं चालवलं तर तीही तापतेच.

एक खूण घरातल्या सगळ्यांना माहीत हवी. अचानक काही दिवे भगभगीत आणि काही मिणमिणते दिसू लागले, पंखा घोंगावू लागला, तर खांबावरचं न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, सैल झालेलं किंवा तुटलेलं असू शकतं. अशा वेळी एखाद्या घरात 230 च्या जागी 400 च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. विचार करत बसू नका, मेन स्विच पाडा आणि हेस्कॉम या वीज कंपनीच्या 1912 वर कळवा. आधी फ्रिज बंद करू, मग टीव्ही, असं करण्याइतका वेळ नसतो.

फ्रिजला किंवा ग्राइंडरला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात आपल्याकडची तांबडी, जांभ्याची माती कोरडी पडते आणि अर्थिंगचा खड्डा नावालाच उरतो. मार्च ते मे आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी ओतायचं. तिसरी पिन काढून टाकलेला प्लग वापरायचाच नाही.

मिक्सर

अजिबात चालत नसेल तर क्रम असा. नॉब शून्यावर आणा, पिन काढा, भांडं उतरवा. पात्याचा दांडा हातानं फिरतोय का बघा. फिरत नसेल तर बुशात, म्हणजे दांडा ज्या नळीत फिरतो तिच्यात, वाटप वाळून बसलंय. भांड्यात कोमट पाणी घालून अर्धा तास ठेवा, मग हळूहळू फिरवून मोकळा करा आणि बुशाजवळ खाद्यतेलाचा एक थेंब सोडा. दांडा मोकळा असेल तर मिक्सर आडवा करून तळ बघा. तिथलं लहान बटण, बहुतेक लाल, म्हणजे ओव्हरलोड. मोटर तापली किंवा अडकली की ते आपोआप उडतं. दहा मिनिटं गार होऊ द्या आणि टक् असा आवाज येईपर्यंत दाबा. मग भांडं न लावता, किंवा कुलपाचा (भांडं बसल्याशिवाय सुरू न होणारा) मिक्सर असेल तर रिकामं भांडं लावून, एक नंबरवर चालवा. रिकामा चालूनही उडत असेल तर दोष आत आहे. भरल्यावरच उडत असेल तर दोष भरणाऱ्याचा.

मिक्सरच्या तळाला किंवा पाठीमागे पट्टी असते, ती वाचायची कुणाला सवय नसते. बऱ्याच मिक्सरांवर पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद असं लिहिलेलं असतं. पाच मिनिटं सलग हा झाला वरचा आकडा, ओल्या वाटपाला एवढा वेळ लागतच नाही. खरा घोळ सुक्या दळणात होतो. संकेश्वरी किंवा ब्याडगी मिरची कडक उन्हात वाळवून, देठ काढून, तुकडे करून, शंभर ग्रॅमच्या आसपास एका वेळी सुक्या भांड्यात घाला. वीस-तीस सेकंद फिरवा, थांबा, भांडं हलवा, पुन्हा फिरवा. ओलसर मिरची कडेला चिकटते, पातं मोकळं फिरत राहतं, पूड होत नाही आणि भांडं तापतं. वर्षाची चटणी नाहीतर मसाला करायचा असेल तर सरळ कांडपाला न्या. 500 वॅटच्या मिक्सरवर चार किलो मिरची दळणं ही काटकसर नव्हे. हळकुंडं तर मिक्सरमध्ये घालूच नका, पातं वाकतं नाहीतर भांडं फुटतं. सुकं खोबरं पातळ कापून घालायचं, अख्खी वाटी मोडून टाकलेली पात्याखाली अडकते. भाजलेला कांदा-खोबरं गरम असताना झाकण लावून फिरवलं की वाफ झाकण उडवते; पूर्ण गार होऊ द्यायचं.

मोटरचा आवाज येतोय, पण भांड्यात काही हलत नाही, किंवा कडकड आवाज येतोय, तर कपलर. कपलर दोन असतात, एक मोटरवर आणि एक भांड्याच्या बुडाला. मोटरवरचा प्लास्टिकचा किंवा रबराचा मुद्दाम नरम ठेवलेला असतो, म्हणजे पातं अडकल्यावर दाते त्याचे जावेत, मोटर वाचावी. त्यामुळे तो गेला तर वाईट वाटून घेऊ नका. एक भांडं चालतंय आणि दुसरं नाही, तर त्या दुसऱ्या भांड्याचा कपलर. कुठलंच चालत नाही, तर मोटरवरचा. आट्याचा, म्हणजे स्क्रूसारखा फिरवून बसणारा, कपलर असेल तर काढताना दिशा महत्त्वाची. चालताना तो घट्ट होत जावा अशा बेतानं आटे पाडलेले असतात. म्हणून मोटरवरचा कपलर मोटर फिरते त्याच दिशेनं फिरवला की सुटतो. भांड्याखालचा मात्र पातं धरून, वरून बघताना, उलट दिशेनं. मोटरचा दांडा धरण्यासाठी तळाचा पत्रा उघडून खालचं टोक पकडीनं धरावं लागतं. उलट्या दिशेला जोर लावत बसलात तर दांडाच वाकेल. नवा कपलर घेताना जुना सोबत न्या. बाहेरून सारखे दिसणारे दाते उंचीला मिलिमीटरभर वेगळे निघतात.

जाळीतून निळसर ठिणगी थोडी दिसणं चालतं. पिवळ्या, मोठ्या ठिणग्या, जळका वास आणि अडखळत चालणं, म्हणजे कार्बन झिजलाय. मोटरच्या दोन बाजूंना स्प्रिंगमागे बसवलेले काळे चौकोनी तुकडे, ते कार्बन. सहा-सात मिलिमीटरच उरले असतील तर बदला, आणि दोन्ही एकदम बदला. एकच बदलला तर दाब सारखा राहत नाही. तुकडा खाचेत सहज सरकला पाहिजे. ज्या तांब्याच्या पट्ट्यांवर तो घासतो त्या काळ्या पडल्या असतील तर झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं हलक्या हातानं पुसा आणि पट्ट्यांमधली काजळी कोरड्या ब्रशनं झाडा. तेल लावू नका. नव्या कार्बनवर मिक्सर दोन-तीन मिनिटं रिकामा चालवायचा, मग ठिणगी कमी होते.

गळती सगळ्यात जास्त दुर्लक्षित. भांडं उचलल्यावर कपलरभोवती काळपट, तेलकट पाणी दिसलं किंवा चटणीत काळी रेघ आली, तर बुश झिजलाय नाहीतर वायसर गेलाय. पातं दोन बोटांत धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. खडखडत असेल तर बुश बदलायचाच. हे पाणी थेट मोटरच्या वरच्या बेअरिंगवर उतरतं आणि मोटर खरी जळते ती इथून. एका बुशाच्या आळसापायी आख्खी मोटर बांधून, म्हणजे नव्यानं तार गुंडाळून, घ्यावी लागते. तोवर ते भांडं फक्त सुक्याला वापरा.

जाडं मीठ फिरवल्यानं पात्याला धार येते असं सर्रास सांगतात. मिठानं पात्यावरचा चिकट थर निघतो एवढंच, धार येत नाही. वर ते बुशात शिरलं तर दांड्याला गंज चढतो.

पावसाळ्यात खानापूर, जोयड्याकडच्या घरांत मिक्सर कोपऱ्यात झाकून ठेवला की आत ओल धरते आणि झुरळं शिरतात. प्लास्टिकचं झाकण नको, सुती कापड टाका आणि रोज वापर नसला तरी दोन-तीन दिवसांआड अर्धं मिनिट रिकामा फिरवा.

ग्राइंडर

इडली-आंबोळीचं पीठ वाटताना दगड थांबतो पण मोटर चालू असते, तेव्हा पट्टा सैल झालाय किंवा त्यावर पीठ सांडून तो घसरतोय. आधी कोरड्या कपड्यानं पुसा. मोटर नुसती घूं करते, फिरत नाही, आणि हातानं ढकलल्यावर मात्र चालते, तर कॅपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा भाग, गेला. तो स्वस्त असतो, पण पिन काढल्यावरही त्यात करंट साठलेला असतो, तेव्हा उघड्या तारांना हात लावू नका. चालू करताना आधी पाणी, मग ग्राइंडर सुरू, मग मुठीमुठीनं उडीद. भरून सुरू करायचं नाही.

कुकर आणि शेगडी

शिट्टी होत नाही आणि कडेनं वाफ जाते, तर वायसर बघा. दाबल्यावर परत फुगत नसेल, चिरा असतील, तर बदला. तात्पुरतं दहा मिनिटं थंड पाण्यात बुडवून ठेवला तर एखादा स्वयंपाक निघतो, त्यापुढे ओढू नका. वायसर नवा असूनही वाफ जात असेल तर झाकणाची कड ठेचलीय का आणि दांड्याचे स्क्रू सैल झालेत का बघा. मसूर, तूरडाळ, तांदूळ फेसाळतात. पाण्यासकट कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही. शिट्टीची नळी रोज उजेडाकडे धरून आरपार दिसते का बघायची, हे दोन सेकंदांचं काम आहे. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला म्हणजे पाणी संपलं होतं नाहीतर नळी तुंबली होती. कारण शोधा, आणि त्याच कंपनीचा व्हॉल्व्ह घाला. त्या भोकात काडी किंवा कणीक बसवणं जिवावर बेतणारं आहे. अथणी-रायबागकडच्या बोअरच्या पाण्यानं अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडतो. डबे ठेवून शिजवताना तळाच्या पाण्यात चिंचेचं बोटुक टाका.

भांड्यांची बुडं काळी होऊ लागली आणि ज्योत पिवळी दिसू लागली, तर बर्नरची भोकं बुजलीत किंवा हवा कमी पडतेय. पितळी बर्नर चिंचेच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवून ब्रशनं घासा, भोकं पिननं मोकळी करा आणि पूर्ण वाळवूनच बसवा. ओला बर्नर लावला की ज्योत पुन्हा पिवळी. आतल्या नोझलच्या भोकात मात्र सुई खुपसू नका. ते मोठं झालं की गॅस जास्त येतो आणि ज्योत कधीच सुधारत नाही.

नारिंगी सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली की बदलायची, धड दिसली तरी. दीड मीटरहून लांब नको, मध्ये जोड नको. गावाकडे उंदीर नळी कुरतडतात, म्हणून ती शेगडीमागे दडवू नका, डोळ्यांसमोर राहू द्या. सिलिंडर घेताना वरच्या पट्टीवरचं अक्षर आणि वर्ष वाचा: ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत. ती तिमाही उलटून गेली असेल तर परत द्या. गळती साबणाच्या फेसानं तपासायची. वास आलाच तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या सताड उघड्या, विजेचं कुठलंही बटण चालू नाही की बंद नाही, आणि बाहेर येऊन 1906 वर फोन.

फ्रिज

करंट गेला आणि लगेच आला, की कॉम्प्रेसरवर ताण येतो. आतला गॅसचा दाब समान व्हायला तीन-पाच मिनिटं लागतात. त्याआधी सुरू झाला तर तो अडकतो, गुणगुणतो आणि टक् करून बंद पडतो. म्हणून स्टॅबिलायझर घेताना उशिरानं चालू होणारा घ्या. फ्रिजवरच किती व्होल्टपर्यंत स्टॅबिलायझर नको हे लिहिलेलं असेल, तर आपला व्होल्टमीटरचा आकडा त्याच्याशी ताडून मगच खर्च करा. व्होल्टेज नीट असूनही दर काही मिनिटांनी टक् होत असेल, तर रिले (कॉम्प्रेसर सुरू करणारा भाग) किंवा ओव्हरलोड. लगेच गॅस भरायला सांगणाऱ्याला आधी हे दोन तपासायला लावा.

दाराच्या रबरात कागद धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाला तर थंडावा तिथून जातोय. रबर साबणाच्या कोमट पाण्यानं पुसलं की निम्म्या वेळा काम होतं. बर्फाचा थर बोटाच्या निम्म्या जाडीहून जास्त होऊ देऊ नका, आणि तो सुरीनं खरवडू नका. पत्र्याला भोक पडलं की गॅस गेला, आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमधला गॅस पेट घेणारा असतो.

पाण्याचं यंत्र

विकत घेण्याआधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजा. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं. असं धरणाचं गोडं पाणी येत असेल तर यूव्ही (किरणांनी जंतू मारणारं) यंत्र पुरतं, आरओनं (क्षारही गाळणाऱ्या यंत्रानं) पाणी वाया जातं. बोअरच्या जड पाण्याला आरओ लागतो. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की पहिली कँडल, म्हणजे गाळणी, आठवड्याभरात तपकिरी होते. टाकी भरायला दुप्पट वेळ लागू लागला तर मेंब्रेन (आरओचा मुख्य गाळणारा भाग) बदला म्हणण्याआधी ती कँडल बदलून बघा.

मायक्रोवेव्ह मात्र घरी उघडायचा नाही; पिन काढल्यावरही त्याच्या कॅपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका करंट साठलेला राहतो.

दुरुस्तीला टाकलेल्या मिक्सरची मोटर बांधायची म्हणाले, तर तांब्याची तार की अ‍ॅल्युमिनियमची हे आधी ठरवून घ्या आणि काढलेले जुने भाग परत मागा. जुनी गुंडाळी नाकाशी धरून बघा. जळक्या वार्निशचा वास नसेल आणि तारा तांबूसच असतील, तर मोटर का बांधली हे विचारायला हरकत नाही.