'मस्ट नॉट' आणि 'गरज नाही'

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे एका यंत्राची माहितीपुस्तिका लिहायचं काम होतं. इंजिनिअर मराठीत समजावून सांगायचे आणि मी ते इंग्रजीत उतरवायचे. एका ठिकाणी त्यांनी सांगितलं, "सेटिंग बदलल्यावर मशीन बंद करून परत चालू करायची गरज नाही." मी लिहिलं, "यू मस्ट नॉट रीस्टार्ट द मशीन आफ्टर चेंजिंग द सेटिंग्ज." शाळेत 'मस्ट म्हणजे पाहिजेच' असं पाठ केलेलं होतं. मग 'मस्ट नॉट' म्हणजे 'पाहिजेच असं नाही', हा हिशेब मला सरळ वाटला.

पुढे एकदा सेटिंग बदलल्यावर ते मशीन मध्येच अडकलं. एकदा बंद करून चालू केलं असतं तर सुटलं असतं. पण चालवणाऱ्यांनी बटणाला हात लावला नाही, कारण माझ्या वाक्याने त्यांना सक्त मनाई केली होती. एक अख्खी पाळी मशीन तसंच उभं राहिलं. 'यू डोन्ट हॅव टू रीस्टार्ट' असं लिहायला हवं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. मोडल क्रियापदांचा, म्हणजे मुख्य क्रियापदाला बंधन, परवानगी, शक्यता अशा छटा देणाऱ्या 'मस्ट', 'कॅन' सारख्या सहायक क्रियापदांचा खरा अभ्यास मी तिथून सुरू केला. तुम्ही आत्ता सुरुवात करत असाल, तर माझ्यासारखी चुकीच्या टोकापासून करू नका.

चुकीचं टोक म्हणजे यादी: कॅन म्हणजे शकतो, मे म्हणजे कदाचित, मस्ट म्हणजे पाहिजे, शुड म्हणजे पाहिजे. मस्ट आणि शुड दोघांसमोर एकच मराठी शब्द आला की यादी तिथेच कोसळते. मराठीत या अर्थछटा वेगळ्या सुट्या शब्दांपेक्षा क्रियापदाच्या शेपटीत जास्त असतात: करावं लागेल, करायला हवं, केलं असणार, केलं असतं, करू नये, करता कामा नये. या शेपट्या आपण लहानपणापासून बिनचूक वापरतो. तेव्हा वहीच्या डाव्या बाजूला इंग्रजी शब्द न लिहिता या मराठी शेपट्या लिहाव्यात आणि उजवीकडे त्यांचं इंग्रजी शोधावं. मला तरी याच मार्गाने उमगलं.

सुरुवात नकारापासून करा, कारण सगळ्यात महाग चुका तिथेच होतात. होकारात 'यू मस्ट गो' आणि 'यू हॅव टू गो' शेजारी शेजारी बसतात. नकार लावला की दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना होतात. 'मस्ट नॉट गो' मधला 'नॉट' जाण्याला चिकटतो, म्हणजे न जाण्याचं बंधन. 'डोन्ट हॅव टू गो' मधला नकार बंधनालाच लागतो, म्हणजे बंधनच नाही. मराठीत 'जाता कामा नये' आणि 'जायची गरज नाही' यांची गल्लत कोणीही करणार नाही. म्हणून नकारार्थी वाक्य लिहिताना आधी ते मराठीत पूर्ण म्हणून बघा आणि मगच इंग्रजीकडे वळा. आजही मी तसंच करते.

नियमांचा भाग मी पटकन सांगते, कारण तो थोडाच आहे. मुख्य मोडल नऊ: कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, शॅल, शुड, विल, वुड. त्यांच्यापुढे क्रियापद मूळ रूपात येतं, मध्ये 'टू' येत नाही आणि 'ही', 'शी' साठी 'एस' लागत नाही. प्रश्नाला किंवा नकाराला 'डू' लागत नाही. दोन मोडल एकापुढे एक येत नाहीत, म्हणून 'मला जावं लागेल' याचं 'आय विल मस्ट गो' होत नाही, 'आय विल हॅव टू गो' होतं. 'मी करू शकेन' याचं 'विल कॅन' होत नाही, 'विल बी एबल टू' होतं. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या बोलीत 'माइट कुड' असं जोडून बोलतात, पण परीक्षेत आणि ऑफिसात ते नको.

या नियमांमागे इतिहास आहे आणि तो कळल्यापासून मला ते पाठ करावे लागले नाहीत. यातल्या बऱ्याच क्रियापदांची आजची वर्तमानकाळी रूपं फार पूर्वी भूतकाळी रूपं होती. भूतकाळाला 'एस' लागत नाही, म्हणून यांनाही कधी लागला नाही. 'मस्ट' तर जुन्या इंग्रजीतल्या एका क्रियापदाचं भूतकाळीच रूप. त्यामुळे त्याला आणखी वेगळा भूतकाळ नाही आणि 'जावं लागलं' साठी 'हॅड टू गो' उसनं घ्यावं लागतं. 'कॅन' चा मूळ अर्थ 'जाणणे'. आपण 'मला इंग्रजी येतं' आणि 'मला पोहता येतं' दोन्हीकडे 'येतं' वापरतो, अगदी तसंच. 'शॅल' चा मूळ अर्थ 'देणं लागणे'. आपल्याकडेही 'देणं लागतो' आणि 'जावं लागतं' यांत एकच 'लागणे' आहे! 'विल' म्हणजे मुळात इच्छा, आणि मृत्युपत्राला इंग्रजीत 'विल' आणि मराठीत 'इच्छापत्र' म्हणतात ते त्याच नात्याने. 'कुड' च्या स्पेलिंगमधला न उच्चारायचा 'एल' मात्र मूळचा नाही. 'वुड' आणि 'शुड' यांच्याकडे बघून तो नंतर घुसवला गेला.

आता गाभ्याकडे येऊ. प्रत्येक मोडल दोन अगदी वेगळी कामं करतं. एक काम माणसावरच्या जोराचं: बंधन, परवानगी, क्षमता. दुसरं काम अंदाजाचं: बोलणाऱ्याला किती खात्री आहे. 'शी मस्ट लीव्ह ॲट सिक्स' मध्ये तिच्यावर बंधन आहे. 'शी मस्ट बी टायर्ड' मध्ये दमायची सक्ती कोणी केलेली नाही, मी तिच्या चेहऱ्यावरून निष्कर्ष काढते आहे, म्हणजे 'ती दमली असणार'. वाक्य दिसलं की पहिला प्रश्न हाच विचारा: इथे जोर आहे की अंदाज? निम्मा गोंधळ या एका प्रश्नाने मिटतो.

अंदाजाच्या बाजूला मराठी आपल्याला भरपूर मदत करते. 'तो घरी असणार' म्हणजे 'मस्ट बी'. 'असू शकतो' म्हणजे 'मे बी', 'माइट बी' किंवा 'कुड बी'. 'घरी असणं शक्यच नाही' याला 'मस्ट नॉट बी' लिहायचा मोह होतो, पण नेहमीचं इंग्रजी 'कान्ट बी' आहे. एक फसवी जागाही सांगून ठेवते. दारावरची बेल वाजते आणि आपण म्हणतो, "पोस्टमन असेल." इंग्रजीत 'दॅट विल बी द पोस्टमन' म्हणतात. रचना तीच, दोन्हीकडे भविष्यकाळ. पण इंग्रजी वाक्यात जवळजवळ खात्री आहे आणि आपल्या 'असेल' मध्ये बऱ्याचदा नुसती शक्यता असते. अहवालात प्रत्येक 'असेल' चं 'विल बी' केलंत, तर तुम्हाला नसलेली खात्री तुम्ही लिहून द्याल. तिथे 'मे बी' बरं, किंवा 'इज प्रॉबब्ली'.

भूतकाळातली 'हॅव' ची जोडी बघून मुलं घाबरतात. खरं तर आपल्याला ती सगळ्यात सोपी जायला हवी, कारण शेपट्या जवळजवळ एकास एक जुळतात. 'सांगायला हवं होतं' म्हणजे 'शुड हॅव टोल्ड'. 'सांगितलं असतं' म्हणजे 'वुड हॅव टोल्ड'. 'सांगू शकले असते' म्हणजे 'कुड हॅव टोल्ड'. 'सांगितलं असणार' म्हणजे 'मस्ट हॅव टोल्ड', आणि 'सांगितलं असेल' म्हणजे 'मे हॅव टोल्ड'. ही पाच वाक्यं स्वतःच्या आयुष्यातल्या एकाच प्रसंगावर बेतून मोठ्याने म्हणा. बोलताना 'शुड हॅव' चं 'शुडव' होतं. ते ऐकून अनेक इंग्रजी भाषकही 'हॅव' च्या जागी 'ऑफ' लिहून बसतात. तुम्ही लिहू नका.

'कुड' ची एक जागा मात्र मराठी दाखवत नाही. 'आग लागली, पण सगळे बाहेर पडू शकले' यात एका वेळी एक गोष्ट प्रत्यक्ष साधली. इथे 'कुड' चालत नाही, 'वेअर एबल टू गेट आउट' लागतं. सर्वसाधारण क्षमता असेल, जसं 'लहानपणी मला झाडावर चढता यायचं', तर 'कुड' चालतं. नकारात 'कुडन्ट' दोन्हीकडे चालतं. आणि 'जायचो, राहायचो' यासाठी 'यूज्ड टू' वापरा. 'वुड' ही येतं, पण फक्त पुन्हा पुन्हा घडणाऱ्या कृतीला. 'तिथे राहायचो' सारख्या स्थितीला 'वुड' लावू नका.

कामाच्या ठिकाणी सगळ्यात जास्त उपयोगी पडतं ते सौजन्य. मी एका ज्येष्ठ ग्राहकाला 'यू मस्ट सेंड द फाइल टुडे' असं लिहिलं होतं. मनात आदर होता, पण कागदावर हुकूम उतरला. मराठीत आदर 'तुम्ही', 'आपण', 'पाठवाल का' यांत मावतो. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', त्यामुळे आदराचा बराचसा भार मोडलवर पडतो. 'कॅन यू' ठीक, 'कुड यू' अधिक मऊ. इथे 'कुड' भूतकाळ दाखवत नाही, अंतर दाखवतं. आपणही एखाद्याला आत्ताच काही विचारताना म्हणतोच की, "जरा एक विचारायचं होतं." होतं? आत्ताच तर विचारतोय! भूतकाळाने मागणी एक पाऊल मागे सरकते. 'वुड' आणि 'कुड' तेच करतात. मित्राला मात्र 'यू मस्ट सी धिस' म्हणालात तर तो हुकूम होत नाही, आग्रह होतो. फायदा ऐकणाऱ्याचा असला की 'मस्ट' गोड लागतं.

तांत्रिक लेखनाकडे जाणार असाल, तर हे शब्द तिथे अक्षरशः करारासारखे वापरले जातात हे आधीच माहीत असू द्या. इंटरनेटच्या मानकांसाठी मार्च १९९७ मध्ये निघालेल्या आरएफसी २११९ या छोट्याशा दस्तऐवजात 'मस्ट', 'शुड' आणि 'मे' यांचे अर्थ ठरवून दिलेले आहेत. 'मस्ट' म्हणजे सूट नाही. 'शुड' म्हणजे सबळ कारण असेल आणि परिणामांचा विचार केला असेल तरच वगळता येईल. 'मे' म्हणजे पूर्ण ऐच्छिक. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या मानकांत बंधनासाठी 'शॅल', शिफारशीसाठी 'शुड', परवानगीसाठी 'मे' आणि शक्यतेसाठी 'कॅन' असतं. उलट, अमेरिकेतल्या सरकारी सोप्या भाषेच्या मार्गदर्शनात 'शॅल' टाळून 'मस्ट' लिहायला सांगतात, कारण 'शॅल' चा अर्थ दर वेळी एकच निघत नाही. तुमच्या क्षेत्रात कोणती पद्धत आहे, ते पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

सरावासाठी गाळलेल्या जागा भरण्यापेक्षा स्वतःचा एखादा खरा ईमेल घ्या. त्यातलं एकच मोडल बदला आणि वाचणाऱ्याच्या जागी बसून वाचा. 'यू शुड चेक', 'यू माइट वॉन्ट टू चेक', 'यू हॅव टू चेक': तीन वेळा वाचलंत की तीन वेगळी माणसं बोलल्यासारखं वाटेल.

आणि कानाचंही बघा. चालू बोलण्यात 'कॅन' वर जोर नसतो, ते नुसतं 'कन्' असं निसटतं. 'कान्ट' वर जोर असतो, पण त्याचा शेवटचा 'ट' बऱ्याचदा ऐकूच येत नाही. ऐकताना शेवटच्या 'ट' ची वाट बघू नका, स्वर ठसठशीत होता का ते धरा. फोनवर एखादी तारीख किंवा मंजुरी ठरवायची असेल, तर मी 'कान्ट' म्हणतच नाही. 'कॅनॉट' असा पूर्ण शब्द उच्चारते आणि समोरच्यालाही विचारून घेते, "सो दॅट इज अ नो?"