चर्चच्या जुन्या नोंदवहीत पूर्वजांचं नाव शोधताना

वांद्रे ते वसई पट्ट्यातल्या जुन्या धर्मग्रामात (पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत) शोध घ्यायचा असेल, तर आधी पॅरिश ऑफिसला फोन करून वेळ ठरवा. रविवारी मिस्सानंतरच्या गर्दीत विचारू नका. सोबत हव्यात तीन गोष्टी: पूर्वजाचं नाव, गाव, अंदाजे दशक. वहीजवळ शाईचं पेन नको, पेन्सिलच. फोटोआधी परवानगी घ्या.

घराण्यातल्या सर्वांत अलीकडच्या लग्नापासून मागे जा. लग्नाच्या नोंदीत दोघांचे आईवडील सापडले की बाप्तिस्म्याची वही उघडा. अनुक्रमणिका बऱ्याचदा आडनावावर नव्हे, पहिल्या नावावर लावलेली असते. नोंद लॅटिन किंवा पोर्तुगीजमध्ये असली, तरी घाबरायचं कारण नाही, ठरावीक शब्दच पुन्हा पुन्हा येतात. ‘फिलियुस’ म्हणजे मुलगा, ‘फिलिया’ मुलगी, ‘पाद्रिन्यो’ धर्मपिता. घरचा जेम्स मात्र तिथे ‘याकोबुस’ असतो, आणि इथेच बहुतेकांचा शोध अडतो.

पानाच्या कडेचा समास जरूर वाचा! 1908 पासून लागू झालेल्या नियमाने लग्नाची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीतही करायची असते. त्यामुळे मुलगी लग्न करून कुठे गेली, तेही कळू शकतं. जन्म आणि बाप्तिस्मा या तारखा वेगळ्या उतरवा.

काहीच सापडलं नाही, तर शेजारचं चर्च गाठा. मुंबई परिसरात 1928 पर्यंत पाद्रोआदो (पोर्तुगालच्या आश्रयाखालचा) आणि प्रोपागांडा (थेट रोमच्या अखत्यारीतला) असे दोन धर्माधिकार होते; एकाच वस्तीतली दोन कुटुंबं दोन चर्चची असू शकत.