ऑक्टोबरात लॉन बघून पास करू नका! कमी पाण्याच्या गवताची ट्रायल कशी घ्यायची

पाऊस संपता संपता कुठलंही लॉन झकास दिसतं, आणि नेमकं तेव्हाच फोटो काढून बिलं पास होतात. पुण्या-सोलापूरकडच्या पालिकेच्या बागेत किंवा अ‍ॅमेनिटी स्पेसवर (लेआउटमध्ये सार्वजनिक सोयींसाठी राखलेल्या जागेवर) गवत लावायचं असेल तर खरी परीक्षा एप्रिल-मेची. आठवड्याला २५ मिमी पाणी द्यायचं म्हटलं तर एका गुंठ्याला अडीच हजार लिटर लागतं, म्हणजे दहा हजारी टँकर चार गुंठ्यांतच संपला.

आधी उद्यान विभागाची लेखी परवानगी काढा, नाहीतर माळी बदलला की नवीन माळी सगळीकडे सारखाच पाइप सोडतो आणि ट्रायल तिथंच खल्लास.

जागा १० बाय १० मीटर पुरते. भर उन्हातली घ्या, झाडाखाली हरळी विरळच होते. दोन बाय दोनचे १६ प्लॉट पाडा, मध्ये अर्धा मीटर वाट. गवतं चार: त्याच जागेवरची गावठी हरळी (हो, गणपतीला वाहतो तीच), सिलेक्शन वन म्हणजे हरळीचीच बारीक पानाची निवडलेली जात, मेक्सिकन लॉन, आणि गवत नसली तरी जमिनीलगत पसरणारी जलपिंपळी. फुलं आली की तिच्यावर मधमाश्या येतात, त्यामुळे लहान मुलं अनवाणी पळतात तिथं मी तरी ती लावणार नाही. प्रत्येकाचे चार प्लॉट, कुठला कुठे ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर नळाजवळची चांगली जागा आपल्या लाडक्या गवतालाच जाते. वाटेवर येणाऱ्या हरळीच्या काशा (पसरत जाणारी खोडं) खुरप्याने सतत तोडत राहा, ती शेजारच्या प्लॉटात कधी घुसली कळतसुद्धा नाही.

जुलैत लावणी करा, डिसेंबरपर्यंत सगळ्यांना सारखं पाणी द्या आणि लव्हाळा, गाजरगवत हाताने उपटा. जानेवारीपासून प्रत्येक गवताचे दोन प्लॉट पूर्ण कोरडे ठेवायचे, उरलेल्या दोनांना आठवड्याला १०० लिटर, म्हणजे बरोबर २५ मिमी, बादल्या मोजून. अंदाजाने पाइप धरू नका.

दर पंधरा दिवसांनी सकाळी त्याच जागेवरून फोटो काढा आणि प्लॉटवर पाय दाबून बघा. पाती लगेच उभी राहिली तर ठीक, पावलाचा ठसा तसाच राहिला आणि रंग निळसर-राखाडी झाला की गवत तहानलंय. मार्क १ ते ९ द्या (९ म्हणजे सगळ्यात चांगलं), अमेरिकेतल्या राष्ट्रीय टर्फ म्हणजे लॉनच्या गवतांच्या ट्रायल्समध्येही हीच पट्टी वापरतात, तिथं ६ म्हणजे चालण्यासारखं. किती वेळा कापावं लागलं तेही लिहा कारण माळ्याची मजुरी पाण्याइतकीच बोचते. पोरं क्रिकेट खेळली तर खेळू द्या, पण सगळ्या प्लॉटांवर सारखी वर्दळ राहील असं बघा.

मेमध्ये कोरडे प्लॉट तपकिरी पडले की लोक ‘मेलं मेलं’ म्हणून ओरडतील. उपटू नका! बोटभर खणून एक काशी काढा आणि मोडा: आतून पांढरी, टणक असेल तर जिवंत, पोकळ होऊन कट्कन तुटली तर गेली. मग पहिल्या चांगल्या पावसापासून निम्मा प्लॉट हिरवा व्हायला किती दिवस लागले ते मोजा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच. आणि टेंडरात नुसतं ‘लॉन’ लिहू नका, जात लिहा, आणि आठवड्याला किती लिटर तेही.